रुपयाला सोळा आणे: मार्क ट्वेनचं दिवाळं आणि त्याची फेड

१८ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमधल्या ‘चार्ल्स एल. वेबस्टर अँड कंपनी’ या प्रकाशनसंस्थेने आपली सगळी मालमत्ता धनकोंसाठी एका विश्वस्ताच्या हवाली केली. पाटीवर नाव वेबस्टरचं, पण तो तीन वर्षांपूर्वीच वारला होता. पैसा ज्याचा बुडाला तो खरा मालक होता सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स, म्हणजेच मार्क ट्वेन. वय ५८. ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’ लिहून झालेली, दोन्ही खंडांत नाव झालेलं, आणि डोक्यावर बाहेरच्यांचं जवळपास एक लाख डॉलर देणं. धनको शंभराच्या घरात.

चार वर्षांच्या आत, १८९८ च्या सुरुवातीला, हे देणं पूर्ण फिटलं. डॉलरमागे शंभर सेंट, आपल्या जुन्या भाषेत रुपयाला सोळा आणे. एरवी ही हकिकत अशी सांगतात की साठीचा प्रामाणिक माणूस जगभर भाषणं देत फिरला आणि त्याने पै न् पै चुकवली. ते खोटं नाही. पण हिशेब मांडायला बसलं की तेवढ्याने बेरीज जुळत नाही. दिवाळं निघण्याच्या सहा आठवडे आधी एक कागद झाला होता. तो झाला नसता तर ट्वेनने पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या असत्या तरी देणं फिटणं कठीण होतं.

खिळे जुळवणारा पोरगा

जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिझुरी राज्यातलं फ्लोरिडा गाव. बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबलमध्ये. ११ वर्षांचा असताना वडील गेले आणि पोरगा छापखान्यात उमेदवारीला लागला. पुढे सेंट लुईस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशी जुळाऱ्याची भटकंती. १८५९ मध्ये आगबोटीच्या सुकाणूचा परवाना मिळाला. यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक बंद पाडली तेव्हा तो पश्चिमेला नेवाडात गेला आणि तिथे १८६३ मध्ये ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव घेतलं. १८६९ मध्ये ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ आलं आणि धो धो खपलं. १८७० मध्ये एल्मायरातल्या श्रीमंत कोळसा व्यापाऱ्याच्या मुलीशी, ऑलिव्हिया लँगडनशी, लग्न. १८७४ पासून हार्टफर्डला मोठं घर, नोकरचाकर, सतत पाहुणे. खर्च नेहमीच पुस्तकांच्या उत्पन्नाच्या एक पाऊल पुढे.

या चरित्रातल्या दोन गोष्टी दिवाळ्याच्या मुळाशी आहेत. पहिली म्हणजे छापखान्यातली उमेदवारी. खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे सुटे धातूचे तुकडे, जुळवण्याचं काम किती किचकट असतं हे त्याला हातांनी ठाऊक होतं, त्यामुळे ते करणारं यंत्र दिसताच तो इतरांपेक्षा लवकर भुलला. दुसरी, वर्गणीने पुस्तकं विकण्याची पद्धत. तिनेच त्याला श्रीमंत केलं होतं आणि ती कायम चालेल असं तो धरून चालला.

शोध लावायचा नादही होता. त्याच्या नावावर तीन पेटंटं आहेत: १८७१ मध्ये कपडे आवळायचा पट्टा, १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांची चिकटवही, १८८५ मध्ये इतिहासातल्या सनावळ्या पाठ करण्याचा खेळ. चिकटवहीने चांगले पैसे दिले. तिच्यात यंत्र नव्हतं, चार कामगार नव्हते आणि ती सुधारत बसणारा संशोधकही नव्हता. यातून तो काही शिकला असं दिसत नाही.

पेजचं यंत्र

१८८० मध्ये हार्टफर्डच्या एका जवाहिऱ्याच्या सांगण्यावरून ट्वेनने जेम्स पेज नावाच्या संशोधकाच्या यंत्रात २,००० डॉलर घातले. यंत्र कोल्ट कंपनीच्या कारखान्यात तयार होत होतं. १८८६ मध्ये करार वाढवून त्याने जवळपास सगळा खर्च अंगावर घेतला. दशक सरता सरता दरमहा सुमारे ३,००० डॉलर तिकडे जाऊ लागले. एकूण किती गेले याचे अंदाज दीड लाखापासून तीन लाख डॉलरपर्यंत आहेत. त्यात बायकोच्या, लिव्हीच्या (ऑलिव्हियाच्या), माहेरचा पैसाही होता.

यंत्र नेमकं काय करायचं हे पाहिल्याशिवाय ते का बुडालं ते उमजत नाही. हाताने जुळणी करताना जुळाऱ्याची कामं तीन. केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या खोक्याच्या, घरांतून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, लावायचा. ओळ भरत आली की शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून ती ठोक बसवायची. छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. पेजने ठरवलं की माणूस करतो ती तिन्ही कामं, त्याच क्रमाने, त्याच सुट्या खिळ्यांनी यंत्राने करायची. प्रत्येक अक्षराच्या खिळ्याला वेगळ्या खाचा, त्या ओळखून यंत्र खिळे परत घरी पाठवणार. ओळीची लांबी मोजून जागा आपोआप भरणार. हे सगळं साधायला सुमारे १८,००० सुटे भाग लागले.

त्याच सुमारास ऑटमार मर्गेंथालरने प्रश्नच उलटा केला. खिळा जुळवायचाच कशाला? कळ दाबली की अक्षराचा पितळी साचा खाली घसरतो, साच्यांची ओळ लागते, मधल्या पाचरी वर ढकलल्या की ओळ बसते, तीवर वितळलेला धातू ओतला की अख्खी ओळ एकसंध बाहेर. छापून झाली की ती भट्टीत. खिळे घरोघर टाकायचं काम संपलंच. साचे तेवढे आपल्या दातांच्या खुणेने परत जागेवर जातात. हे लायनोटाइप. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ज्याला नुसतं ‘लायनो’ म्हणत तेच. जुलै १८८६ मध्ये ते न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात कामाला लागलं, म्हणजे ट्वेनने करार वाढवला त्याच वर्षी.

५ जानेवारी १८८९ ला पेजच्या यंत्राने सुट्या खिळ्यांची ओळ आपोआप जुळवून ठोक बसवली. जगात हे प्रथमच घडतंय म्हणून ट्वेनने वहीत तारीख-वेळ टिपली आणि ओळखीच्यांना पत्रं धाडली. त्या दिवशी यंत्र जसं होतं तसं बाजारात नेलं असतं तर निदान लढत झाली असती. पण पेजला त्यात हवेच्या झोताची सुधारणा करायची होती, म्हणून त्याने ते पुन्हा खोललं. या प्रकरणात वारंवार दिसणारी चूक ही. चालू झालेलं यंत्र ‘अजून थोडं चांगलं’ करायला उघडायचं, भांडवलदाराने महिन्याची रक्कम भरत राहायची आणि मधल्या काळात पलीकडचा माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचायचा. पेज लबाड होता असं ट्वेन नंतर संतापून म्हणायचा. आमच्या मते तो लबाडीपेक्षा वाईट होता: तो परिपूर्णतेचा भक्त होता आणि पैसे दुसऱ्याचे होते.

शेवटची चाचणी १८९४ च्या शरद ऋतूत शिकागो हेरल्ड या दैनिकात झाली. यंत्र चालताना वेगात सरस होतं. पण सुटे खिळे मोडायचे, एक भाग अडला की सगळं थांबायचं, आणि दुरुस्ती पेजच्या माणसांशिवाय कुणाला जमेना. दैनिकाच्या रात्रपाळीत सर्वांत वेगवान यंत्रापेक्षा न थांबणारं यंत्र लागतं. डिसेंबरात निकाल लागला तेव्हा ट्वेन पॅरिसमध्ये होता. म्हणजे एप्रिलमध्ये दिवाळं निघाल्यावरही आठ महिने तो याच यंत्राच्या आशेवर होता.

दुकान: यश कसं अंगाशी आलं

अमेरिकेत तेव्हा वर्गणीची पुस्तकं दुकानात मिळत नसत. फिरता विक्रेता नमुना-प्रत घेऊन दारोदार जायचा. प्रतीत निवडक पानं, चित्रं, बांधणीचे कापडी-चामडी नमुने आणि मागे नावं लिहायला कोऱ्या ओळी. गिऱ्हाइकाने सही केली की नोंदणी पक्की. पुस्तक आल्यावर पैसे. आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व सवलतीचा हा दांडगा, पायपीट करणारा भाऊ. किंमत दुकानी पुस्तकापेक्षा जास्त ठेवावी लागे, कारण विक्रेत्याचा वाटा घसघशीत असे. ट्वेनची पहिली पुस्तकं अशीच खपली. मग त्याच्या मनात आलं, प्रकाशकाचा नफा दुसऱ्याला का द्यायचा? १८८४ मध्ये त्याने भाचीचा नवरा चार्ल्स वेबस्टर याच्या नावाने संस्था काढली.

पहिलंच पुस्तक ‘हकलबरी फिन’ आणि पहिलाच अपघात. नमुना-प्रती विक्रेत्यांच्या हातात गेल्यावर लक्षात आलं की एका चित्राच्या ठशात कुणीतरी खोडसाळपणा करून पुस्तकातलं पात्र अंकल सायलस अश्लील दिसेल अशी भर घातली आहे. पानं परत मागवली, ठसा नव्याने केला, पुस्तकांतलं पान कापून दुसरं चिकटवलं. या खटाटोपात नाताळची विक्री हुकली आणि अमेरिकी आवृत्ती फेब्रुवारी १८८५ मध्ये बाहेर पडली. तरी खपली.

त्यानंतर माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट यांच्या आठवणी. ग्रँट स्वतः एका भागीदाराच्या लबाडीने १८८४ मध्ये धुळीला मिळाले होते आणि घशाच्या कर्करोगाने मरणपंथाला लागले होते. दुसरा प्रकाशक १० टक्के मानधन देत होता. ट्वेनने निव्वळ नफ्याचे ७० टक्के देऊ केले. ग्रँट २३ जुलै १८८५ रोजी वारले, हस्तलिखित त्याच्या थोडेच दिवस आधी पुरं झालेलं. यादवी युद्धात लढलेले जुने सैनिक विक्रेते म्हणून दारोदार गेले; अशांना नाही म्हणणं कुणाला जमणार? दोन खंडांचे तीन लाखांहून अधिक संच गेले. फेब्रुवारी १८८६ मध्ये ग्रँटच्या विधवेला २ लाख डॉलरचा पहिला धनादेश मिळाला. पुढे ही रक्कम ४ लाखांच्या वर गेली.

दिवाळ्याचं बी इथेच पडलं असं आम्हाला वाटतं. एका अपवादात्मक पुस्तकावरून संस्थेने नियम बांधला: नाव पुरेसं मोठं असेल तर कुठलंही पुस्तक असं खपतं. म्हणून पोप तेराव्या लिओचं चरित्र घेतलं, प्रत्येक कॅथलिक घरात ते जाणारच असं धरलं आणि वेबस्टर त्यासाठी रोमला पोपची भेट घेऊन आला. पुस्तक अपेक्षेच्या जवळपासही गेलं नाही. धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांना आत्मचरित्रासाठी ५,००० डॉलर आगाऊ दिले. मार्च १८८७ मध्ये ते गेले, पुस्तक अर्धवट. त्याच वर्षी संस्थेच्या हिशेबनिसाने सुमारे २५,००० डॉलर हडपल्याचं उघड झालं. वेबस्टर आजारी पडून १८८८ मध्ये बाजूला झाला आणि कारभार फ्रेड हॉल या तरुण सहकाऱ्याकडे आला.

संस्थेला खाली ओढलं ते मात्र चांगल्या खपणाऱ्या पुस्तकाने. ‘अ लायब्ररी ऑफ अमेरिकन लिटरेचर’ हा अकरा खंडांचा निवडक साहित्याचा संच हप्त्यांवर विकला जात होता. यातली गोम समजण्यापुरते आकडे धरू. संच ३० डॉलरचा. छपाई-बांधणीला १२ लागले. विक्रेत्याचं कमिशन १०. हे २२ डॉलर प्रकाशकाच्या खिशातून लगेच गेले. गिऱ्हाईक देणार महिन्याला ३. म्हणजे घातलेले पैसे परत यायलाच आठ महिने, तेही एकही हप्ता चुकला नाही तर. महिन्याला हजार संच विकले तर २२,००० डॉलर उभे करायचे आणि हाती येणार ३,०००. दुसऱ्या महिन्यात आणखी हजार, आणखी कर्ज. खप जितका जोरात, तितका खड्डा खोल! भांडवल भक्कम असेल तर हा धंदा उत्तम. पण इथलं भांडवल दरमहा पेजच्या यंत्रात जात होतं आणि त्याच्या जागी बँकेच्या हुंड्या येत होत्या. ट्वेन एकाच खिशातून दोन भोकं पोसत होता. प्रत्येक भोक एकटं असतं तर कदाचित निभलं असतं.

जून १८९१ मध्ये खर्च कमी करायला कुटुंबाने हार्टफर्डचं घर बंद केलं आणि युरोप गाठलं. १८९३ मध्ये अमेरिकेत आर्थिक घबराट उसळली. गिऱ्हाइकांचे हप्ते आटले आणि बँकांनी हुंड्या नव्या करून द्यायला का कू सुरू केली.

सहा आठवडे

सप्टेंबर १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टर स्नेह्यामार्फत ट्वेनची गाठ हेन्री रॉजर्सशी पडली. रॉजर्स म्हणजे स्टँडर्ड ऑइलच्या वरच्या वर्तुळातला माणूस, धंद्यात निर्दय म्हणून कुप्रसिद्ध आणि ट्वेनच्या पुस्तकांचा जुना वाचक. त्याने ताबडतोब लागणारे ८,००० डॉलर उभे केले आणि तो अकरा खंडांचा संच ५०,००० डॉलरला आपल्या जावयाकडे वळवला. मग शांतपणे वह्या उघडल्या.

त्याने काय पाहिलं असेल ते तेव्हाच्या कायद्यावरून सांगता येतं. अमेरिकेत १८९४ मध्ये देशभर लागू असा दिवाळखोरीचा कायदाच नव्हता. जुना १८७८ मध्ये रद्द झालेला, नवा आला १८९८ मध्ये. राज्याच्या कायद्याने मालमत्ता विश्वस्ताकडे देता येई, पण त्यामुळे कर्ज माफ होत नसे. ज्याने तडजोड मान्य केली नाही तो धनको पुढे केव्हाही दावा लावू शके. शिवाय वेबस्टर कंपनी ही भागीदारी होती. मर्यादित जबाबदारी वगैरे काही नाही. संस्थेचं देणं म्हणजे ट्वेनचं वैयक्तिक देणं, आणि त्याच्या मालकीचं जे जे काही, त्यावर धनकोंचा हात पडणार.

त्याच्या मालकीचं खरं मोलाचं एकच: पुस्तकांचे हक्क. ते एप्रिल १८९४ मध्ये लिलावात गेले असते तर मंदीच्या बाजारात कवडीमोलाने गेले असते. धनकोंना थोडे पैसे आज मिळाले असते, उरलेले कधीच नाही, आणि लेखकाला आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीची पुस्तकं बघत बसावं लागलं असतं.

पण सर्वांत मोठ्या धनकोंपैकी एक घरातच होती. लिव्हीने स्वतःच्या पैशातून संस्थेला ६०,००० डॉलरहून अधिक उसने दिलेले होते. मार्च १८९४ मध्ये ट्वेनने रॉजर्सला मुखत्यारपत्र दिलं आणि रॉजर्सने पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावे करवून घेतले, तिच्या येण्यापोटी. सहा आठवड्यांनी संस्था बुडाली. धनकोंच्या बैठकीत हक्क मागितले गेले तेव्हा रॉजर्स तसूभरही हलला नाही: या बाईंचं येणं पहिलं आहे. विश्वस्त म्हणून बेनब्रिज कोल्बी हा तरुण वकील नेमला गेला. हाच पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला.

हे चोख होतं का? आजच्या बहुतेक दिवाळखोरी कायद्यांत बुडण्याच्या तोंडावर बायकोच्या नावे केलेली मालमत्ता न्यायालय उलटवू शकतं, आणि ते योग्यच आहे. त्या काळी चाललं. मात्र लिव्हीने त्या हक्कांआड दडायला नकार दिला म्हणूनच या प्रकरणाला आज किंमत आहे. धनको डॉलरमागे पन्नास सेंटवर, म्हणजे रुपयाला आठ आण्यांवर, मिटवायला बऱ्यापैकी तयार होते. तिचा आग्रह शंभराचा. ट्वेनने नंतर लिहिलंय की रॉजर्सचंही मत तेच पडलं: व्यापाऱ्याने तडजोड केली तर चालतं, लेखकाची पत गेली तर त्याच्याकडे उरतं काय? कायद्याने हक्क वाचवले आणि मग कायद्याने मागितलं नव्हतं तेवढं देऊन टाकलं. यातला एक भाग घेऊन दुसरा सोडला तर माणूस एकतर संत दिसतो, नाहीतर चलाख.

फेरी

पुस्तक लिहून पैसे यायला वर्ष-दोन वर्षं. व्याख्यानाचे पैसे त्याच रात्री, आणि प्रवासातून पुस्तक निघतंच. म्हणून फेरी. ट्वेनला व्यासपीठाचा कंटाळा होता, अंगावर करट झालेलं, आणि निघण्याच्या तोंडावर एका पुस्तकबांधणीवाल्या धनकोने त्याला न्यायालयात खेचलं. तशात १४ जुलै १८९५ ला एल्मायराहून तो लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा यांच्यासह निघाला. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीकडे राहिल्या.

पहिला प्रयोग क्लीव्हलंडला, आणि फसलेला. भर उकाडा, आधीचा गाण्याचा कार्यक्रम लांबलेला, आणि जागा कमी म्हणून मंचावरच बसवलेली चुळबुळी पोरं. त्याचा कार्यक्रम पूर्ण शांततेवर उभा असे, त्यामुळे हे जास्तच बोचलं. हातात कागद नाही, नेपथ्य नाही, साथीला कुणी नाही. दीड तास तो एकटा, घरात बोलावं तसा बोलायचा. धागा म्हणून एक मिस्कील नीतिशास्त्र: देवीची लस टोचतात तसा प्रत्येक गुन्हा एकदा करून बघा, म्हणजे पुन्हा बाधणार नाही. त्या दोऱ्यात मग गोष्टी ओवायच्या. चोरलेलं कलिंगड कच्चं निघालं ती, उडी मारणाऱ्या बेडकाची, लहानपणी वडिलांच्या कचेरीत रात्री दिसलेल्या प्रेताची, आणि शेवटी सोन्याच्या हाताची भुताची गोष्ट. या शेवटच्या गोष्टीत सगळा खेळ एका थांब्याचा. ‘माझा सोन्याचा हात कुणी नेला?’ असं कण्हत विचारायचं, समोरच्या एखाद्या मुलीवर नजर रोखायची आणि थांबायचं. थांबा क्षणभर कमी झाला तर दचका बसत नाही, क्षणभर जास्त झाला तर लोकांना कळून चुकतं. १८९५ च्याच एका निबंधात त्याने हे तंत्र उलगडून ठेवलंय, अगदी कारागिराने सांगावं तसं.

धंद्याच्या नजरेने ही रचना अव्वल. सामान म्हणजे एक काळा सूट. गाव रोज नवं, त्यामुळे मजकूर तोच चालतो. जिथे दोन-तीन रात्री, तिथे गोष्टींचा क्रम बदलून दुसरा-तिसरा कार्यक्रम. अमेरिकेतला भाग मेजर पाँडने आखला; ऑस्ट्रेलियापासून पुढचा स्माइथ पितापुत्रांनी, आणि मुलगा कार्लाइल बरोबर राहिला. उत्पन्न न्यूयॉर्कला रॉजर्सकडे जायचं, म्हणजे ट्वेनच्या हाताला लागायचंच नाही. ही तजवीज किती शहाणपणाची होती हे वेगळं सांगायला नको.

जाताजाता ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरला त्याने वर्तमानपत्रांसाठी जाहीर निवेदन दिलं: कायदा माणसाच्या मेंदूवर गहाणखत करू शकत नाही, पण अब्रू हा कायद्यापेक्षा कडक धनी आहे, चार वर्षांत सगळं फेडीन आणि ६४ व्या वर्षी नव्याने सुरुवात करीन. यात प्रामाणिकपणा होता आणि जाहिरातही. कर्ज फेडायला निघालेला विनोदी लेखक ऐकायला लोक तिकीट काढणारच. २३ ऑगस्टला बोट सुटली. होनोलुलूला पटकी पसरलेली म्हणून उतरताच आलं नाही; ठरलेला कार्यक्रम बुडाला. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन.

जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत पोचला आणि वॉटसन हॉटेलात उतरला. काळा घोड्याजवळची लोखंडी सांगाड्याची ती इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन. खोकल्याने घसा बसलेला, त्यामुळे पहिले दिवस बहुतेक खोलीतच गेले. सज्जाच्या कठड्यावर येऊन आपल्या कपड्यांवर आणि रंगावर आपसांत चर्चा करणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांचं त्याने केलेलं वर्णन त्या सक्तीच्या विश्रांतीचं फळ. मॅन्युएल नावाचा नोकर ठेवला, तो जमला नाही. दुसरा चपळ मिळाला, त्याचं नाव ट्वेनने ‘सैतान’ ठेवलं. त्याच हॉटेलात एका दणकट जर्मन माणसाने चुकीचं कारणही न सांगता हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट सोसली. ट्वेन लिहितो की त्या क्षणी पन्नास वर्षं गळून पडली आणि तो गुलामांच्या मिझुरीत उभा राहिला. क्षुल्लक चुकीसाठी मालकाने लोहखनिजाचा ढेपळा फेकून मारलेला एक गुलाम त्याला आठवला. विनोदासाठी पैसे घ्यायला आलेल्या माणसाने हे पान लिहिलं.

मुंबईत नॉव्हेल्टी थिएटरात कार्यक्रम झाले, मग पुण्याला, आणि बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या राजवाड्यात. श्रोते बहुतेक इंग्रज, पारशी आणि इंग्रजी शिकलेले हिंदी लोक. पुढे अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, जयपूर, लाहोर. हिंदुस्थानात दोन महिन्यांहून अधिक मुक्काम, त्यातले बरेच दिवस आजारपणात. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला १५ जुलै १८९६ रोजी फेरी संपली. शंभराहून अधिक कार्यक्रम झाले होते.

३१ जुलैला तो इंग्लंडला उतरला. सूझी आजारी असल्याची तार आली, लिव्ही आणि क्लारा बोटीने निघाल्या, आणि त्या समुद्रावर असतानाच, १८ ऑगस्टला, सूझी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने हार्टफर्डच्या त्याच घरात गेली. वय २४. ट्वेन तेव्हा गिल्डफर्डला भाड्याच्या घरात एकटा होता.

फेड

फेरीच्या उत्पन्नाने सगळं फिटलं असा समज आहे. तसं झालं नाही. प्रवास, आजारपणं आणि वाटेत बुडालेले कार्यक्रम यांनी त्यातलं बरंच खाल्लं. लंडनच्या चेल्सी भागात बसून त्याने ‘फॉलोइंग द इक्वेटर’ लिहिलं. ते नोव्हेंबर १८९७ मध्ये आलं. वाचताना जागोजाग जाणवतं की हे पानं भरण्याच्या बोलीवर लिहिलेलं पुस्तक आहे. उताऱ्यांची खोगीरभरती खूप. पण वर्गणीच्या पुस्तकाला जाडी लागते, आणि ते खपलं. जूनमध्ये न्यूयॉर्क हेरल्डने त्याच्यासाठी मदतनिधी उघडला होता. त्याला तो मनातून हवा होता. घरच्यांनी, मुख्यतः लिव्हीने, तो बंद करायला लावला. दरम्यान जुन्या पुस्तकांचं मानधन लिव्हीच्या खात्यात येत होतं आणि रॉजर्स जमलेली रक्कम गुंतवत होता. फेरी, नवं पुस्तक आणि वाचवलेले हक्क, या तिन्हींचं मिळून १८९८ च्या सुरुवातीला शेवटच्या धनकोपर्यंत पैसे पोचले. पैसे घेण्यापेक्षा देण्यात जास्त मजा येतेय असं आयुष्यात प्रथमच झालं, अशा अर्थाचं त्याने व्हिएन्नाहून रॉजर्सला कळवलं.

आणि लगेच मार्च १८९८ मध्ये, त्याच व्हिएन्नात, श्चेपानिक नावाच्या तरुण संशोधकाचं कापडावरच्या नक्षीचं यंत्र पाहून अमेरिकेतले हक्क १५ लाख डॉलरला घेण्याची बोलणी त्याने सुरू केली! माहिती रॉजर्सकडे गेली, रॉजर्सने जाणकारांना विचारलं, आणि बेत बारगळला. दुधाच्या भुकटीसारख्या प्लास्मॉन या पदार्थात मात्र तो १९०० पासून पुन्हा हजारो डॉलर घालवून बसलाच.

१९०३ मध्ये हार्पर या प्रकाशकाने त्याच्या सगळ्या पुस्तकांचे प्रकाशनहक्क एकत्र घेतले आणि पाच वर्षं दरसाल किमान २५,००० डॉलरची हमी दिली. १८९४ च्या वसंतात लिलावापासून वाचवलेला माल तो हाच. त्याच वर्षी हार्टफर्डचं घर विकलं. सूझी गेल्यापासून लिव्ही त्या घरात पुन्हा राहायला गेलीच नव्हती.